गोदीचा स्फोट आणि मेंदूला बसणारा न दिसणारा धक्का

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या शिवडीच्या दवाखान्यात एक आजोबा नियमित येत. वय पंचाहत्तरच्या पुढे, गोदीतून निवृत्त झालेले. दर महिन्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी यायचे आणि सोबत आजी असायच्याच. तक्रारी ठरलेल्या असत: डोके दुखते, झोप लागत नाही, कानात सतत आवाज येतो, चिडचिड होते. मी प्रेशर मोजायचो, गोळ्या लिहून द्यायचो, पुढच्या महिन्याची तारीख सांगायचो.

एकदा आजी म्हणाल्या, "डॉक्टर, हे आत्ताचं नाही हो. गोदीचा स्फोट झाला ना, तेव्हापासून हे असेच आहेत."

मी हसून म्हणालो, "आजी, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. आता हे वयाचं आहे."

आजी गप्प बसल्या नाहीत. त्यांनी जे सांगितले ते असे. स्फोटाच्या दिवशी आजोबा विशीतले होते, गोदीत हमालीला होते. एका शेडच्या भिंतीआड उभे असताना धक्क्याने खाली पडले. एका कानातून रक्त आले, बाकी अंगावर ओरखडाही नव्हता. रात्री चालत शिवडीला घरी पोचले. पुढचे चार दिवस उलट्या झाल्या, उजेड सहन होईना. आठवड्याभराने पुन्हा कामावर गेले. मात्र चाळीतल्या भजनात जाणे त्यांनी कायमचे सोडले, कारण झांजांचा आवाज ऐकला की ते उठून बाहेर जात. दिवाळीत फटाके नकोत म्हणून गावी जात. आधी शांत असलेला माणूस तापट झाला. सगळे म्हणत, भेदरला आहे. कुणी देवाचे करायला सांगितले, कुणी भगताकडे नेले.

मी ऐकून घेतले आणि केसपेपरवर काहीही लिहिले नाही. "जखम नव्हती ना? मग झालं," असाच माझा विचार होता. आज तीच हकिगत कुणी सांगितली तर मी आणखी दहा प्रश्न विचारीन. आजोबांना नेमके काय झाले होते याचे निदान इतक्या वर्षांनी करता येणार नाही. पण अंगावर जखम नसताना स्फोटाने मेंदूला इजा होऊ शकते, हे आता प्रयोगशाळेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आहे. ते दिसायला शंभर वर्षे लागली. हा लेख त्या शंभर वर्षांबद्दल आहे, आणि तुमच्या घरात कधी सिलिंडर फुटला तर काय पाहायचे याबद्दलही.

१४ एप्रिल १९४४

दुसरे महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकिन' नावाचे मालवाहू जहाज इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. जहाजाच्या पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि स्फोटके होती, सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या गासड्याही होत्या. शिवडीकरांना कापूस आणि आग यांचे नाते वेगळे सांगायला नको. कॉटन ग्रीनच्या गोदामांशेजारीच आपण राहतो. कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास जहाजातून धूर येताना दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला, पण आग आटोक्यात येईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. साधारण अर्ध्या तासाने दुसरा झाला, तो पहिल्यापेक्षा मोठा होता. दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. बारा किलोमीटरपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या. 'जलपद्म' नावाचे शेजारचे जहाज उचलले जाऊन धक्क्यावरच्या शेडवर आदळले. सोन्याची एक वीट दीडेक किलोमीटरवरच्या एका घराचे छप्पर फोडून आत पडली.

लोकांना वाटले जपानने बॉम्ब टाकले. युद्धकाळातल्या सेन्सॉरशिपमुळे खरी बातमी वर्तमानपत्रांत यायला काही आठवडे गेले. मृतांचा आकडा आठशे ते तेराशे असा वेगवेगळा दिला जातो. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणूनच १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. गोदीतला ढिगारा उपसायला सुमारे आठ हजार माणसांना सात महिने लागले.

त्या दिवशी इस्पितळांत आलेल्या जखमींचे भाजणे, मोडलेली हाडे, पत्र्यांच्या आणि काचांच्या जखमा डॉक्टरांच्या डोळ्यांना दिसत होत्या. पण ज्याला नुसते गरगरत होते, त्याच्यासाठी हातात काय होते? कवटीचा एक्स-रे, बॅटरी आणि गुडघ्यावर मारायची हातोडी. एक्स-रेमध्ये हाड दिसते, मेंदू दिसत नाही. मेंदू दाखवणारा सीटी स्कॅन माणसावर पहिल्यांदा झाला तो १९७१ साली, लंडनमध्ये.

स्फोटाची लाट म्हणजे नेमके काय?

स्फोटकाचे एका क्षणात प्रचंड तापलेल्या वायूत रूपांतर होते. तो वायू आजूबाजूची हवा इतक्या जोरात ढकलतो की हवेची एक दाट भिंत तयार होते आणि आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने चहूकडे पसरते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. ही भिंत त्याहून वेगवान असते, म्हणून अगदी जवळच्या माणसाला आवाज ऐकू येण्याआधी धक्का बसतो. दाब एकदम शिखरावर जातो, काही हजारांश सेकंदांत उतरतो, आणि मग थोडा वेळ नेहमीपेक्षाही कमी होतो. म्हणजे आधी ढकलणे आणि मागोमाग ओढणे.

स्फोटाच्या इजा डॉक्टर चार गटांत मांडतात.

१. दाबाच्या लाटेची इजा. कान, फुफ्फुसे, आतडी आणि मेंदू यांना होते. बाहेरून काही दिसेलच असे नाही.
२. उडालेल्या वस्तूंची इजा: काच, खिळे, पत्रा, दगड.
३. माणूस स्वतः फेकला जाऊन भिंतीवर किंवा जमिनीवर आदळल्याने होणारी इजा.
४. बाकीचे सगळे: भाजणे, धूर, विषारी वायू, इमारत अंगावर पडणे.

दाबाचा अंदाज यावा म्हणून एक तुलना देतो. खिडकीची काच फुटायला आपल्या रोजच्या हवेच्या दाबाच्या शंभराव्या भागाइतका जादा दाबही पुरतो. कानाचा पडदा फाटायला साधारण एक तृतीयांश जादा दाब लागतो. फुफ्फुसाला इजा व्हायला जवळजवळ दुप्पट दाब व्हावा लागतो. म्हणजे त्या दिवशी लांबच्या वस्तीत काचा फुटल्या तरी तिथल्या माणसांच्या मेंदूला लाटेने काही झाले असण्याची शक्यता नाही. गोदीत शेडच्या भिंतीआड उभ्या असलेल्या, कानातून रक्त आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी.

भिंतींवरून लाट परावर्तित होते, त्यामुळे बंद जागेतला स्फोट फार घातक ठरतो. इस्रायलमधल्या स्फोटांचा एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. उघड्यावरच्या स्फोटांत सापडलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के माणसे दगावली होती, तर बसमधल्या स्फोटांत सुमारे ४९ टक्के. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गर्दीच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. लोकलचा डबा म्हणजे अशीच एक बंद पेटी.

'शेल शॉक'चा वाद

मेंदूच्या या इजेचा पहिला मोठा वाद पहिल्या महायुद्धात झाला. खंदकात तोफगोळा फुटायचा, सैनिकाला एकही जखम नसायची, पण तो थरथरायचा, बोलणे बंद व्हायचे, दिसेनासे व्हायचे, काही आठवायचे नाही. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांची हकिगत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिली आणि 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकात आला.

फ्रेडरिक मॉट हे लंडनमधले मेंदूविकृतीचे तज्ज्ञ. त्यांना वाटत होते की काही सैनिकांच्या मेंदूला खरोखरची शारीरिक इजा होते. १९१७ मध्ये त्यांनी दोन सैनिकांच्या मेंदूंचा सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांच्या अंगावर बाहेरून जखम नव्हती, पण मेंदूत बारीक रक्तस्राव दिसले. तरीही मॉट यांनी घाईने निष्कर्ष काढला नाही. स्फोटातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूनेही असे होऊ शकते, हे त्यांनी विचारात घेतले होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की हा सगळा मनाचा खेळ आहे, किंवा भित्रेपणा, किंवा ढोंग. मायर्सना स्वतःलाही पुढे 'शेल शॉक' हा शब्द चुकीचा वाटू लागला, कारण गोळ्याच्या आसपास नसलेल्या सैनिकांनाही तीच लक्षणे होत होती. ब्रिटिश लष्कराने १९१७ मध्ये हा शब्द वापरण्यावर बंधने घातली. युद्धानंतर नेमलेल्या समितीने १९२२ च्या अहवालात तो शब्दच टाकून द्यावा असे सुचवले.

हा नुसता शब्दांचा वाद नव्हता. कागदावर 'जखमी' लिहिले तर मान आणि पेन्शन, 'घाबरट' लिहिले तर दोन्ही नाही. मेंदूत काय झाले ते दाखवता येत नव्हते, म्हणून ते झालेच नाही असे धरले गेले. आमच्या आजोबांना चाळीत 'भेदरला' म्हणाले, तो याच शिक्क्याचा मराठी अवतार.

रबरी जाकीट घातलेले ससे

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले आणि इंग्रज सरकारला ठाम उत्तरे हवी होती. सॉली झुकरमन या शास्त्रज्ञाने उंदीर, ससे, माकडे अशा प्राण्यांना स्फोटापासून मोजलेल्या अंतरांवर ठेवून प्रयोग केले आणि १९४० मध्ये निष्कर्ष मांडले. तोपर्यंत अनेकांची समजूत होती की लाट नाका-तोंडातून आत शिरून फुफ्फुसे फाडते. झुकरमन यांनी काही सशांच्या छातीला जाड स्पंज रबराचे जाकीट घातले. नाक-तोंड उघडेच होते, तरी त्यांच्या फुफ्फुसांना इजा कमी झाली. याचा अर्थ, लाट छातीच्या भिंतीवर आदळून आत जाते.

आज अशा प्रयोगांना प्राण्यांच्या वापराबाबतच्या समितीची परवानगी आणि भूल देणे बंधनकारक असते. तेव्हा नियम इतके कडक नव्हते. पण प्रयोगाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे: एक गोष्ट बदला, बाकी सगळे तसेच ठेवा, आणि मग पाहा.

१९४३ मध्ये, म्हणजे गोदीच्या स्फोटाच्या एकच वर्ष आधी, ऑक्सफर्डमध्ये होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने मेंदूच्या आकाराचा जिलेटिनचा गोळा कवटीच्या साच्यात ठेवून दाखवले की डोके झटक्याने फिरले तर आतला मऊ भाग पिळवटतो. थाळीत जेली ठेवा आणि थाळी पटकन फिरवून थांबवा. थाळी थांबते, जेली थांबत नाही. मेंदूचेही तसेच आहे. हाड शाबूत राहते आणि आतले तंतू ताणले जातात.

मात्र स्फोटाच्या संशोधनात बरीच वर्षे लक्ष राहिले ते फुफ्फुसांवर, कारण फुफ्फुसाच्या इजेने माणूस लगेच मरतो. मेंदू मागे पडला.

शॉक ट्यूब: प्रयोगशाळेतला स्फोट

१९९० च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या युद्धात इबोल्या सेर्नाक या डॉक्टर संशोधिकेने असे अनेक सैनिक पाहिले, ज्यांना डोक्याला मार नव्हता पण स्मरणशक्ती आणि तोल बिघडला होता. नंतर इराक आणि अफगाणिस्तानात रस्त्याकडेला पेरलेल्या बॉम्बमुळे हजारो अमेरिकन सैनिकांना हाच त्रास झाला. चिलखत आणि चांगल्या उपचारांमुळे पूर्वी मेले असते ते आता जगत होते, आणि घरी परतून विसरत होते, चिडत होते, झोपत नव्हते. तेव्हा कुठे मेंदूवरच्या संशोधनाला पैसा आणि माणसे मिळाली.

प्रयोगशाळेत खरा बॉम्ब फोडण्याऐवजी शॉक ट्यूब वापरतात. हे साधन जुने आहे, फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८९९ मध्ये ते बनवले. एक लांब भक्कम नळी असते. तिच्या एका टोकाला हेलियम किंवा नायट्रोजनसारखा वायू दाबून भरतात. पुढच्या भागात साधी हवा असते. दोन्हींच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. दाब वाढत गेला की पडदा फुटतो आणि नळीतून स्फोटासारखी लाट धावते. वाटेत भूल दिलेला उंदीर किंवा डोक्याचा कृत्रिम नमुना ठेवलेला असतो. दाब किती आणि किती वेळ टिकला हे अचूक मोजता येते, आणि तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करता येतो.

यातही फसगती आहेत. उंदीर नळीच्या आत न ठेवता तोंडाशी ठेवला तर त्याला लाटेशिवाय वायूचा झोतही बसतो. तो खऱ्या स्फोटात तसा नसतो. उंदराची कवटी पातळ आणि मेंदू गुळगुळीत, आपली कवटी जाड आणि मेंदूला घड्या. त्यामुळे उंदरावरचा आकडा सरळ माणसाला लावता येत नाही. "अमुक संशोधनात सिद्ध झाले" अशी बातमी वाचाल तेव्हा हा फरक ध्यानात ठेवा.

लाट मेंदूपर्यंत कशी पोचते, यावर आज मुख्यतः चार उत्तरे आहेत. ती कवटीतून सरळ आत जाते. कवटी क्षणभर किंचित लवते आणि मेंदूवर दाब टाकते. छाती दाबली गेल्याने रक्तवाहिन्यांतून दाबाचा लोंढा डोक्याकडे जातो. आणि स्फोटाच्या वाऱ्याने डोके मानेवर झटक्याने हलते. चौघांपैकी कुणाचा वाटा किती, यावर अजून चर्चा चालू आहे.

शिरस्त्राणाखालची पोकळी

या कामात एक मराठी आडनावही भेटते. आयआयटी रुरकीत शैलेश गणपुळे स्फोटाची लाट आणि मेंदू या विषयावर संशोधन करतात. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात नमस चंद्रा यांच्या गटात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शॉक ट्यूबमध्ये डोक्याचे नमुने ठेवून आणि संगणकावर गणिते मांडून शिरस्त्राणाचा, म्हणजे हेल्मेटचा, अभ्यास केला.

आपल्याला वाटते हेल्मेट घातले की डोके सुरक्षित. गोळीपासून आणि उडत्या तुकड्यांपासून ते वाचवतेच. पण हेल्मेट आणि डोके यांच्यात मोकळी फट असेल तर लाट त्या फटीत शिरते, दोन्ही बाजूंनी वळून येते आणि समोरून आलेली लाट मागच्या बाजूला एकत्र होते. तिथला दाब काही वेळा हेल्मेट नसतानापेक्षाही जास्त भरतो. फट गाद्यांनी नीट भरली तर हा परिणाम कमी होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसले?

२०१२ मध्ये बोस्टनमधल्या एका गटाने स्फोट किंवा डोक्याला मार सोसलेल्या चार माजी सैनिकांचे मेंदू तपासले. त्यांत मुष्टियोद्ध्यांच्या आणि फुटबॉलपटूंच्या मेंदूंत दिसतात तसे 'टाऊ' नावाच्या प्रथिनाचे साठे होते. त्याच गटाने उंदरांवर प्रयोग केला. एकाच लाटेनंतर उंदीर शिकलेले विसरू लागले. पण लाटेच्या वेळी डोके हलू नये म्हणून पक्के धरून ठेवले, तर त्या उंदरांची स्मरणशक्ती शाबूत राहिली. म्हणजे या प्रयोगात डोक्याचे हलणे निर्णायक ठरले.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा येथे डॅनियल पर्ल आणि सहकाऱ्यांनी स्फोट सोसलेल्या आठ सैनिकांच्या मेंदूंचा अभ्यास मांडला. मेंदूत जिथे दोन वेगळ्या प्रकारच्या गोष्टी एकमेकींना भिडतात, तिथे त्यांना बारीक व्रण दिसले: करडा आणि पांढरा भाग यांच्या सीमेवर, रक्तवाहिन्यांभोवती, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला. लाट दोन वेगवेगळ्या घनतेच्या पदार्थांच्या सीमेवर सर्वांत जास्त नुकसान करते, हे भौतिकशास्त्राला धरूनच आहे. नेहमीच्या सीटी किंवा एमआरआयमध्ये हे व्रण दिसत नाहीत. मॉट यांनी १९१७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून जे शोधायचा प्रयत्न केला, त्याला जवळजवळ शंभर वर्षांनी असा दुजोरा मिळाला.

मग मन वगैरे सगळे खोटे होते का? मुळीच नाही. २००८ मध्ये इराकहून परतलेल्या अडीच हजारांवर अमेरिकन सैनिकांचा अभ्यास झाला. डोक्याला सौम्य इजा झालेल्यांना त्रास जास्त होता, पण आघातानंतरचा मानसिक ताण आणि नैराश्य यांचा हिशेब धरल्यावर डोकेदुखी सोडून बहुतेक तक्रारींचा संबंध त्या मानसिक आजारांशी जास्त जुळला. म्हणजे स्फोट मेंदूलाही लागतो आणि मनालाही लागतो, आणि पुष्कळदा एकाच माणसात दोन्ही असतात. दोन्ही आजार खरे आहेत आणि दोन्हींवर उपचार आहेत. आजी मला नेमके हेच सांगत होत्या, फक्त त्यांच्याकडे हे शब्द नव्हते.

आपल्या घरी, आपल्या गल्लीत

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, आम्ही कुठे लढाईवर जातो? पण घरगुती गॅसचा सिलिंडर, एसीचा कॉम्प्रेसर, कारखान्यातला बॉयलर, टायरमध्ये हवा भरताना फुटलेली रिम, दगडाच्या खाणीतला सुरुंग, हे आपल्या आसपासच आहे. साध्या फटाक्याने मेंदूला अशी इजा होणे दुर्मीळ आहे. तिथे धोका कानाला, डोळ्याला आणि हाताला. मोठा स्फोट जवळून सोसला असेल तर मात्र पुढील गोष्टी पाळा.

• जखम नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. दम लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे, पोटात दुखणे ही लक्षणे काही तासांनीही सुरू होऊ शकतात. तेव्हा थेट मोठ्या इस्पितळात जा.

• शुद्ध हरपणे, वारंवार उलटी, झटका येणे, वाढत जाणारी डोकेदुखी, हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, जागे करूनही नीट जाग न येणे: यांपैकी एकही लक्षण असेल तर क्षणाचाही विलंब नको. १०८ ला फोन करा.

• कानातून रक्त किंवा पाणी आले, ऐकू कमी येऊ लागले, तर कानात तेल, लसणाचे तेल किंवा घरचे थेंब घालू नका. पाणी जाऊ देऊ नका. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. पडदा शाबूत आहे म्हणून मेंदूला काही झाले नसेल, असेही समजू नका.

• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी ते सांगा. मनाने वेदनाशामक किंवा झोपेच्या गोळ्या घेऊ नका. दारू पूर्ण बंद.

• सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे मेंदूत मोठा रक्तस्राव नाही, एवढेच कळते. सौम्य इजा स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे, नाटक करतोय" असे घरच्यांनी म्हणू नये.

• पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईल आणि टीव्ही कमी. मग हळूहळू रोजची कामे वाढवा. महिनाभर अंथरुणावर पडून राहणे उपयोगाचे नाही. बहुतेक माणसे काही आठवड्यांत बरी होतात.

• बरे वाटेपर्यंत दुचाकी चालवणे, शिडीवर चढणे, यंत्रावर काम करणे टाळा. डोक्याला पुन्हा मार बसू देऊ नका.

• महिन्याभरानंतरही विसरणे, चिडणे, आवाज सहन न होणे, भयानक स्वप्ने पडणे चालू असेल तर पुन्हा या. न्यूरॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांचीही मदत लागू शकते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

गेल्या वर्षी एक तरुण आला. वडापावच्या गाडीवर काम करणारा, पंधरा दिवसांपूर्वी जवळच सिलिंडर फुटला होता. हाताचे भाजलेले बरे होत आले होते. त्याच्या ड्रेसिंगसाठीच तो आला होता. ड्रेसिंग करता करता मी विचारले, "झोप कशी आहे? हिशेब चुकतो का? आवाजाचा त्रास होतो का?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "सुट्टे पैसे द्यायला चुकतो, डॉक्टर. शेठ म्हणतात लक्ष नाही तुझं." कान तपासला तर पडद्याला भोक होते. त्याला कानाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवले, आणि शेठला द्यायला एक चिठ्ठी लिहून दिली की हा मुलगा आळशी नाही, आजारी आहे, त्याला महिनाभर गल्ल्यावर बसवू नका. दोन-अडीच महिन्यांत त्याचे हिशेब जुळू लागले.

आजोबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. आजींना मी त्या दिवशी "वयाचं आहे" म्हणालो, त्याऐवजी "तुम्ही सांगता ते खरं असू शकतं" एवढे म्हणालो असतो तरी पुरे होते. आजोबांवर कदाचित वेगळा उपचार झाला नसता, पण पन्नास वर्षे 'भेदरट' म्हणवून घेतलेल्या माणसाला घरच्यांसमोर ते ऐकायला मिळाले असते.

तुमच्या घरात कुणी असा स्फोट सोसलेला असेल, मग तो गेल्या महिन्यातला असो की वीस वर्षांपूर्वीचा, तर पुढच्या वेळी डॉक्टरकडे गेल्यावर आवर्जून सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष तपासणी आणि उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.)